देवी येईनाशी झाली

मंजुळाच्या अंगात देवी यायची ती ढोल वाजला म्हणून नव्हे आणि धूप घातला म्हणूनही नव्हे. देवी तिच्या मर्जीने यायची. कधी मासळी साफ करताना, कधी न्हाणीत, तर कधी चिंचणीच्या बाजारात पाटी पुढ्यात घेऊन बसलेली असताना. आधी पोटातून काहीतरी वर चढायचं, होडी लाटेवर चढते तसं. मग ओला नारळ जळल्यासारखा वास यायचा. आणि मग सगळं एकाएकी ओळखीचं होऊन जायचं. समोरची भिंत, भिंतीतला खिळा, खिळ्याला अडकवलेली पिशवी, ही सगळी तिला नावानिशी ओळखतात, तिचीच वाट बघत थांबली होती, असं वाटायचं. जवळ कुणीतरी उभं असायचं. दिसायचं नाही, पण डाव्या अंगाला असायचं, इतकं जवळ की मंजुळाने हात लांब केला असता तर पदर लागला असता.

सगळा खेळ दोन मिनिटांचा. पण पुढे दोन दिवस तिचं मन धुतल्यासारखं स्वच्छ राहायचं.

वीस-बावीस वर्षं हे चाललं होतं. गावातल्या कोळणी मंगळवारी तिच्या ओसरीवर येऊन बसत. देवी आली तर मंजुळा भानावर आल्यावर मनात राहिलेला शब्द सांगायची. नाही आली तर सरळ म्हणायची, "आज नाय आली. पुढच्या मंगळवारी या." या सरळपणामुळेच लोकांचा तिच्यावर विश्वास होता. नवरा नामदेव बोटीवरचा माणूस, देवधर्मात फारसा नसलेला, पण मंगळवारी ओसरी झाडायचा तोच.

एकदाच ती खोटं बोलली होती. नवसीशी.

नवसी वाणगावकडच्या पाड्यावरची. तिचा नवरा झिपरू खलाशी म्हणून गुजरातेतल्या एका बोटीवर गेला. बोट वादळात सापडली. दोघांची प्रेतं मिळाली, झिपरूचं नाही. कुणी म्हणालं बुडाला, कुणी म्हणालं हद्दीपलीकडे वाहत गेला आणि पाकिस्तानच्या तुरुंगात आहे. नवसी चिंचणीला खळ्यावर बोंबील वाळत घालायच्या मजुरीला यायची. लागोपाठ सात मंगळवार ती ओसरीच्या कडेला बसली, आणि सातही वेळा देवी आली नाही. सातव्या मंगळवारी तिने काही विचारलंही नाही, नुसतीच उठून चप्पल शोधायला लागली. मंजुळाला ते बघवलं नाही. ती म्हणाली, "तो हाय. कोठडीत हाय. येईल."

त्या शब्दावर नवसीने चार वर्षं कुंकू लावलं.

गेल्या दिवाळीच्या आधी मंजुळा चुलीसमोर बसून भाकऱ्या करत होती. त्या वेळी नारळाचा वास आला आणि मग काहीच आठवलं नाही. शुद्धीवर आली तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला होता. जीभ चावली गेली होती. नामदेव शेजारी भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचे दोन्ही तळवे काळे पडले होते. मंजुळाला वाटलं, देवी या खेपेला रागात आली असेल.

तिची मुलगी दिशा बोईसरच्या एका खासगी दवाखान्यात ईईजी काढायची, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढायचं काम. पोरीने पालघरला राहून ते शिक्षण घेतलं होतं. मंजुळाला तिचा केवढा अभिमान. दिशा म्हणाली, "आये, तुझं डोकं सारखं दुखतं ना? एकदा तपासून घेऊ." मंजुळा गेली. दिशानेच तिच्या केसांत गार मलम लावून तारा बसवल्या. एका कागदावर सही करायची होती, ती मंजुळाने केली. आठवड्याने दिशा एक पांढरी बाटली घेऊन आली.

"हाडं ठिसूळ झालीत तुझी. कॅल्शियम हाय. सकाळ-संध्याकाळ एक, चुकवायची नाय."

डोकं दुखायचं त्याचं काय झालं, हे मंजुळाने विचारलं नाही. लेक दवाखान्यातली, तिला कळतं, एवढंच तिला पुरेसं होतं. सकाळी चहाबरोबर नामदेव गोळी हातावर ठेवायचा, संध्याकाळी दिशा.

त्या महिन्यापासून देवी आली नाही.

पहिले काही मंगळवार मंजुळाने नेहमीसारखं सांगितलं, आज नाय आली. संक्रांत गेली, होळी गेली. ओसरीवरच्या बायका कमी झाल्या. मंजुळाला आतून पोकळ वाटायला लागलं. दिवसभर झोप यायची, कशाचा राग येत नव्हता, कशाचा आनंदही होत नव्हता. भिंत नुसती भिंत होती आणि खिळा नुसता खिळा. तिने मंगळवारबरोबर शुक्रवारही धरला. मासळी खायची सोडली. कोळणीने मासळी सोडणं म्हणजे काय ते ज्याला कळतं त्यालाच कळतं. देव्हाऱ्यापुढे बसून ती रडायची. "माझं काय चुकलं ते तरी सांग," म्हणायची.

अशीच एकदा रडत असताना दिशा मागून आली, शेजारी बसली आणि कितीतरी वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग उठली, पाण्याचा पेला आणला आणि गोळी दिली.

काय चुकलं, ते शेवटी मंजुळाला आपलं आपणच सापडलं. नवसी. देवीच्या नावावर खोटं बोललो, म्हणून ती गेली.

वैशाखात, बोटी बंद व्हायच्या आधी, ती भर दुपारी खळ्यावर गेली. नवसी दोरीवरचे सुके बोंबील उतरवत होती. आजूबाजूला आठ-दहा बायका होत्या. मंजुळाने सगळ्यांच्या देखत हात जोडले.

"नवसी, तुझा झिपरू कोठडीत हाय असं देवी बोलली नव्हती. मी बोलले. माझ्या मनाचं. तो हाय का नाय ते मला ठाऊक नाय."

नवसीने हातातले बोंबील पाटीत ठेवले. एकेक करून ठेवले, जसे काही मोजून द्यायचे होते. मग ती खळ्यातून चालत निघून गेली. पंधरा दिवसांनी कळलं, पाड्यावर तिने झिपरूचे दिवस घातले, बांगड्या उतरवल्या. त्यानंतर ती मंजुळाशी बोलली नाही. गावातल्या बायकाही बोलेनाशा झाल्या. एक म्हातारी दारावरून जाता जाता म्हणाली, "आमाला पण असंच फसवलंस काय गो?" मंगळवारची ओसरी रिकामी पडली.

देवी तरीही आली नाही.

गणपती झाल्यावर दिशा पंधरा दिवस प्रशिक्षणासाठी पुण्याला गेली. ती गेल्याच्या चौथ्या दिवशी मंजुळा बाजारातून लवकर परतली. मागच्या पडवीत नामदेव पाठमोरा बसला होता. त्याच्या मांडीवर ती पांढरी बाटली होती, आणि तो आपल्या जाड बोटांनी चंदेरी पाकिटातून गोळ्या फोडून बाटलीत टाकत होता. तिची चाहूल लागताच त्याने पाकिटं लुंगीखाली सरकवली.

"काय ते?"

"काय नाय. तुझं कॅल्शियम."

"मग लपवता कशाला?"

मंजुळाने वाकून पाकीट ओढून घेतलं. तो नको म्हणाला नाही, हात धरला नाही, नुसता खाली बघत राहिला, आणि तेव्हाच तिला कळून चुकलं की इथे काहीतरी मोठं आहे. ती तशीच चालत मेहुलच्या औषधाच्या दुकानात गेली.

मेहुलने पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. "ही फिटची गोळी आहे काकी. कुणाची?"

"फिटची म्हणजे?"

"मिरगी. आकडी येते ना, ती येऊ नये म्हणून." मग तिचा चेहरा बघून तो घाईने म्हणाला, "तुम्ही घेताय का? घेत असाल तर अचानक बंद करू नका हां. डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही."

मंजुळा दुकानाच्या पायरीवर बसली. दहा महिन्यांतला एकेक मंगळवार तिच्या डोळ्यांपुढून जायला लागला. सोडलेली मासळी. खळ्यावर जोडलेले हात. आणि त्या सगळ्या वेळात, दर सकाळी, नामदेवचा तळवा पुढे आलेला, त्यात गोळी.

घरी आली तेव्हा नामदेव तिथेच बसून होता.

"तुमाला ठाऊक होतं."

"हो."

"मी रडत होते ते बघत होता तुमी."

"बघत होतो." त्याने आपले तळवे तिच्यापुढे धरले. मग तो म्हणाला, "त्या दिवशी तुला चुलीतून मी ओढली, मंजुळा. तुझं तोंड निखाऱ्याकडे होतं. तुझ्या अंगाला एवढे झटके बसत होते की माझ्या हातात राहत नव्हतीस. तुला नाय आठवत. मला आठवतं."

ते खरं होतं, हे तिला दिसत होतं. त्याच्या तळव्यांवरचे डाग अजून गेले नव्हते. तरीही त्या माणसाच्या शेजारी तिला बसवेना. आपली पथारी उचलून ती ओसरीवर घेऊन आली.

गोळी मात्र तिने सोडली नाही. मेहुलचा शब्द लक्षात ठेवून ती स्वतःच्या हाताने घेत राहिली, आणि गुरुवारी शेअर रिक्षात बसून एकटीच बोईसरला गेली. मुंबईहून येणारे डॉक्टर निमेश गुरुवारी बसतात, हे दिशाच्या बोलण्यातून तिला माहीत होतं.

डॉक्टरांनी तिला ओळखलं. "दिशाच्या आई ना? या, या. दहा महिने एकही फिट नाही, दिशा सांगत असते. फार छान आहे."

"मला फिट येते हे मला चार दिवसांपूर्वी कळलं," मंजुळा म्हणाली.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांनी फाइल काढली, सहीचा कागद बघितला, पुन्हा तिच्याकडे बघितलं. "दिशा म्हणाली, घरी सगळं समजावलंय. मी स्वतः तुमच्याशी बोलायला हवं होतं. आपल्याच स्टाफची आई म्हणून मी विचारलं नाही. चूक माझी आहे."

"काय दिसलं तुमाला माझ्या डोक्यात?"

त्यांनी आलेख दाखवला. सरळ चाललेल्या रेघा, आणि एका जागी करवतीच्या दातांसारखी टोकं. "इथे, उजव्या कानाच्या वर. इथे मध्येच विजेचा लोळ उठतो. छोटा असला तर तुम्हाला वास येतो, काहीतरी वर चढतंय असं वाटतं, जवळ कुणी उभं आहे असं वाटतं. सगळ्या मेंदूत पसरला तर तुम्ही पडता. तुमच्या दिशाने एक व्हिडिओ पण दिला होता, त्यावरून मला नक्की झालं."

"कसला व्हिडिओ?"

डॉक्टरांनी फोन हातात घेतला. "बघायचाय?"

व्हिडिओत ती स्वतःच्याच ओसरीवर बसलेली होती. मंगळवारच असणार, मागे बायका होत्या. एकाएकी तिचं बघणं थांबलं. डोळे उघडे, पण कुणी घरात नसावं तसे. ओठ मिटक्या मारत होते. डावा हात पदराचं टोक चिमटीत धरून चोळत होता, सोडत होता, पुन्हा चोळत होता. लाळेचा एक थेंब हनुवटीवर आला. दोन मिनिटं हेच, मग संपलं.

मंजुळाने आयुष्यात पहिल्यांदा ते बाहेरून बघितलं होतं. ती भिंतीची ओळख, ते शेजारचं माणूस, ते धुतलेलं मन, त्यातलं या चित्रात काहीसुद्धा नव्हतं. एक बाई पदर चोळत होती. तिला शरमेने मेल्यासारखं झालं. हे लेकीने टिपलं, परक्या माणसाला दाखवलं, आणि आपल्याला नाही.

"मग जिच्या जिच्या अंगात येतं, त्या सगळ्या आजारी?"

"नाही, नाही. बहुतेकांना हा आजार नसतो. जप करणारे, ध्यान करणारे, प्रार्थना करणारे, यांचे मेंदू मशीनमध्ये तपासलेत लोकांनी. त्यांना काही अनुभव येतो तेव्हा मेंदूचे बरेच भाग एकदम कामाला लागतात, काही शांत होतात. देवाची अशी एक जागा सापडलेली नाही. मी फक्त तुमच्याबद्दल सांगू शकतो, तुमची फिट इथून निघते."

"तुमी देव मानता?"

"घरी अंबामाता आहे. आरतीला उभा राहतो."

"ती तुमच्याजवळ येऊन उभी राहिली कधी?"

डॉक्टर हसले नाहीत. "नाही."

"माझ्या राहिली. वीस वर्षं. आन तुमी सगळ्यांनी मिळून तिला बंद केलीत, मला न विचारता."

"गोळीने तो विजेचा लोळ थांबतो," डॉक्टर हळूच म्हणाले. "त्याच्याबरोबर आणखी काय थांबलं, ते माझ्या मशीनमध्ये दिसत नाही. पण मोठी फिट आली तर तुम्ही पुन्हा चुलीवर पडू शकता, पाण्यात पडू शकता. झोपेत जीव जाऊ शकतो. ते सांगणं माझं काम आहे. पुढे काय करायचं ते आता तुम्ही ठरवायचं. आज नाही, घरी जाऊन."

दिशा पुण्याहून आली तेव्हा तिला फोनवर सगळं कळलेलं होतं. दारातच बॅग ठेवून ती म्हणाली, "आये, तू मेली असतीस."

"मला विचारायचं होतंस."

"तू नाय म्हणाली असतीस."

"मग नाय म्हणाले असते."

"आणि मी बघत बसायचं? रोज हेच बघते मी दवाखान्यात. लोक भगताकडे नेतात, मग उशीर करून आणतात. माझ्याच घरात तेच? तुला सांगितलं असतं, देवी नाय, आजार हाय, तर तू ऐकलं असतंस?"

"ठाऊक नाय. मला ऐकायलाच दिलं नाय तू." मंजुळाचा आवाज चढला नाही. "नवसीचं कुंकू पुसलं मी, देवी परत यावी म्हणून. माझ्या खोट्यासाठी ती मला सोडून गेली असं समजून. तू तेव्हा घरात होतीस. तेव्हा तरी बोलायचं होतंस, 'आये, थांब, तुझं काय चुकलं नाय.' एवढं एक वाक्य."

दिशा रडायला लागली. "घाबरले मी. तेव्हा सांगितलं असतं तर तू गोळी फेकली असतीस."

"माझ्या पाठीवरून हात फिरवलास तू. तो हात आता मला कुठे ठेवू ते कळत नाय."

लेकीचं प्रेम खोटं होतं असं मंजुळाला वाटत नव्हतं. खोटं असतं तर बरं झालं असतं, एकदाचा राग करून ती मोकळी झाली असती. इथे प्रेम खरं होतं आणि फसवणूकही तितकीच खरी, आणि दोन्ही एकाच पेल्यातून पाजलेली. तिने दिशाला जेवायला वाढलं. त्या दिवसापासून दोघी कामापुरतं बोलू लागल्या.

पुढच्या गुरुवारी तिने डॉक्टरांना निर्णय सांगितला. गोळी बंद नको, पण कमी करून बघू. दिवसभर येणारी झोप नको, आतली ती पोकळी नको. डॉक्टरांनी खूप विचार केला, दुसरी गोळी थोड्या प्रमाणात सुरू केली, आधीची पायरीपायरीने उतरवायची असं कागदावर लिहून तो कागद तिच्याच हातात दिला. चूल एकटीने पेटवायची नाही, होडीत चढायचं नाही. "आणि एक," ते म्हणाले. "फिट आली तर काय करायचं, हे तुमच्याजवळ असणाऱ्या एका माणसाला मला नीट शिकवायचंय. तुमचा पूर्ण विश्वास असेल असं माणूस. दिशाला येतंच, पण..."

"दिशा नको," मंजुळा म्हणाली. "नवरा पण नको. मी आणते कुणालातरी."

ऑक्टोबरात खळं पुन्हा सुरू झालं होतं. दोऱ्यांवर ओले बोंबील लोंबत होते, आणि नवसी खालच्या ओळीत वाकून काम करत होती. मंजुळा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं, बाटलीपासून व्हिडिओपर्यंत. नवसीचे हात चालू होते. शेवटी ते थांबले.

"म्हंजे देवी गोळीनं गेली. माझ्यापायी नाय."

"नाय."

नवसीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत असं काही आलं की मंजुळाला पळून जावंसं वाटलं. "मग माझा झिपरू? हाय का तो?"

"मला ठाऊक नाय, नवसी. तेव्हा पण नव्हतं. ते खोटं माझंच होतं, त्याला गोळीचा काय संबंध नाय."

नवसी पुन्हा बोंबील अडकवायला लागली. "तू सांगितलंस त्या दिवशी तुला समुद्रात ढकलावी वाटली मला," ती म्हणाली. "आता कशाला आलीस?"

"डॉक्टरनं एक माणूस मागितलं. मी पडले तर काय करायचं ते शिकायला. विश्वासाचं."

"तुझ्या घरात माणसं हायत."

"हायत."

"मग मी का?"

"मी तुझ्याशी खोटं बोलले, ते तुला माझ्याच तोंडून कळलं. माझं मला मेहुलच्या दुकानात कळलं." मंजुळाने पाटी तिच्याकडे सरकवली. "यायचं नसलं तर नको येऊ. मी काय तुला भरीस घालत नाय."

नवसी हो म्हणाली नाही. पण गुरुवारी रिक्षाच्या थांब्यावर ती धुतलेलं लुगडं नेसून उभी होती.

डॉक्टरांनी जमिनीवर सतरंजी टाकून करून दाखवलं. माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही. चप्पल, कांदा हुंगवायचा नाही. दाबून धरायचं नाही. घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबलं नाही तर गाडी बोलवायची. नवसीने दोनदा मंजुळाला सतरंजीवर आडवी करून वळवून बघितलं. तिचे हात राकट होते आणि काम नेमकं.

"घड्याळ मला कळत नाय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या साध्या फोनवर आकडे कुठे दिसतात ते दाखवलं.

परतीच्या रिक्षात दोघीच मागे होत्या. चिंचणी जवळ आली, खाऱ्या वाऱ्याचा वास यायला लागला, तेव्हा नवसीने विचारलं, "आन देवी आली तर? मला कसं कळणार, फिट हाय का देवी?"

मंजुळाने बाहेर बघितलं. खरं सांगायचं तर तिलाही ते कळणार नव्हतं.

"कुणी का असंना," ती म्हणाली, "तू मला कुशीवर वळव."

नवसीने मान हलवली आणि फोनवरचे आकडे पुन्हा एकदा बघून घेतले.